न उघडता वाचलेल्या जळक्या गुंडाळ्या: एआयने नक्की काय केलं?

सुरंगी (धागालेखिका)

इटलीतल्या जळक्या गुंडाळ्यांची बातमी आपल्याकडे "एआयने दोन हजार वर्षं जुनं पुस्तक वाचलं" एवढ्यावर संपते. यंत्राने काय केलं, माणसांनी काय केलं, आणि यंत्र मनानेच काही ठोकून देत नाहीये हे कळलं कसं, यावर कुणी लिहीत नाही. माझं रोजचं काम स्कॅनच्या प्रतिमांचं, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून बघत आलेय. जमेल तसं लिहिते, लांबण लागेल.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला. पाँपेईवर राख आणि हलके दगड पडले हे सगळ्यांना माहीत असतं. शेजारच्या हर्क्युलेनियमवर मात्र तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोंढा आला आणि गाव वीस-पंचवीस मीटर खाली गाडलं गेलं. १७५० साली विहीर खणताना तिथल्या एका आलिशान घराचा पत्ता लागला. १७५२ पासून त्यात काळे ठोकळे सापडू लागले. खणणाऱ्यांना ते कोळसे वाटले, काही फेकूनही दिले. पुढे कुणीतरी नीट पाहिलं तर त्यावर ग्रीक अक्षरं. पपायरसच्या (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदाच्या) गुंडाळ्यांचं आख्खं ग्रंथालय होतं ते. ग्रीक-रोमन जगातलं जागच्या जागी सापडलेलं असं दुसरं मोठं ग्रंथालय नाही. घर बहुधा ज्यूलियस सीझरच्या सासऱ्याचं, म्हणजे पिसोचं, आणि पुस्तकं बरीचशी फिलोडेमस या एपिक्युरसपंथी, म्हणजे सुखाला जीवनाचं ध्येय मानणाऱ्या ग्रीक पंथातल्या तत्त्वज्ञाची.

या गुंडाळ्या जळाल्या म्हणून वाचल्या. एकदम भाजल्या गेल्या, हवा मिळाली नाही, म्हणून राख न होता कोळसा झाला. नुसत्या कपाटात राहिल्या असत्या तर इटलीच्या दमट हवेत कधीच कुजून गेल्या असत्या.

त्या उघडायच्या कशा, यावर लोकांनी अडीचशे वर्षं हात भाजून घेतले. आधी सुरीने उभ्या चिरून पाहिल्या. मग १७५३ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयातून आंतोनिओ पिआज्जो नावाचा पाद्री आला. त्याने यंत्र बनवलं: गुंडाळी रेशमी दोऱ्यांना टांगायची, बाहेरच्या पदराच्या पाठीला प्राण्याच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवायचा आणि दिवसाला काही मिलिमीटर अशा गतीने ओढत राहायचं. एकेका गुंडाळीला वर्षं लागत, आणि काही पदर एकमेकांना चिकटून यायचे ते यायचेच. हम्फ्री डेव्हीसारखा रसायनशास्त्रज्ञही १८२० च्या आसपास तिथे रसायनं लावून आला, हाती फार लागलं नाही. मधल्या काळात नेपल्सच्या राजाने काही गुंडाळ्या भेट म्हणूनही वाटल्या. १८०२ मध्ये सहा नेपोलियनला गेल्या, काही इंग्लंडच्या युवराजाला. म्हणून आज काही पॅरिसला आहेत, काही ऑक्सफर्डला. उरलेल्या, तुकड्यांसकट सुमारे १८०० नोंदी, नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात.

आता स्कॅनकडे. सुरळीची वडी घ्या, कोळसा होईपर्यंत जाळा, वर पाटा ठेवून चेपा, आणि मग न उलगडता आतल्या प्रत्येक पदरावर काय लिहिलंय ते सांगा. पदर कुठे आहेत ते सीटी स्कॅनमध्ये दिसतात. शाई दिसत नाही, कारण शाई काजळीची आणि पपायरसचा झालेला कोळसा. कार्बनवर कार्बन. क्ष-किरणांना घनतेतला फरक कळतो, इथे फरकच नाही.

केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स यांनी २०१५-१६ मध्ये इस्रायलमधल्या एन-गेदीची जळकी गुंडाळी न उघडता वाचून दाखवली होती. हिब्रू बायबलमधला लेवीय ग्रंथाचा मजकूर निघाला. पण तिथल्या शाईत धातूचा अंश होता, ती स्कॅनमध्ये उजळून दिसली. हर्क्युलेनियमला ही सोय नव्हती. २०१९ मध्ये सील्स यांच्या गटाने पॅरिसच्या गुंडाळ्या ऑक्सफर्डशायरमधल्या डायमंड लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या महाकाय यंत्रावर) नेल्या आणि ८ मायक्रॉनपर्यंतच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाव्याने स्कॅन केल्या. इस्पितळातल्या सीटीला साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचं दिसतं, यावरून अंदाज करा.

मार्च २०२३ मध्ये सील्स आणि तंत्रज्ञान क्षेत्रातले गुंतवणूकदार नॅट फ्रीडमन व डॅनियल ग्रॉस यांनी हे सगळे स्कॅन लोकांसाठी खुले केले आणि 'व्हेसुव्हियस चॅलेंज' नावाची स्पर्धा लावली. अट अशी: वर्ष संपायच्या आत प्रत्येकी १४० अक्षरांचे चार उतारे, त्यातली किमान ८५ टक्के अक्षरं वाचता यायला हवीत. बक्षीस ७ लाख डॉलर.

पहिली खरी फट कुणा यंत्राला नाही, माणसाच्या डोळ्यांना दिसली. केसी हँडमर हा स्पर्धक पदरांच्या प्रतिमा तासन्‌तास नुसत्या बघत बसला आणि त्याला काही ठिकाणी बारीक तडे गेलेला वेगळा पोत जाणवला. शाई वाळताना पृष्ठभागावर राहिलेली खूण. घनता तीच, पोत वेगळा. मग नेब्रास्काच्या २१ वर्षांच्या ल्यूक फॅरिटरने त्या तड्यांवर एक छोटं प्रारूप (मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली) शिकवलं. ते जे दाखवेल त्यातलं पटलेलं पुन्हा शिकवायचं, अशा फेऱ्या मारत ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिला शब्द जाहीर झाला: 'पोर्फिरास', जांभळा रंग. बर्लिनमध्ये पीएचडी करणाऱ्या इजिप्तच्या युसूफ नादेरला तोच शब्द स्वतंत्रपणे, वेगळ्या वाटेने मिळाला. पुढे हे दोघं आणि झुरिचचा ज्युलियन शिलिगर एकत्र आले, आणि ५ फेब्रुवारी २०२४ ला मोठं बक्षीस त्यांना जाहीर झालं. १५ स्तंभ, दोन हजारांवर अक्षरं. तरी ते सगळं त्या एका गुंडाळीच्या ५ टक्क्यांच्या आसपास.

मजकूर काय, तर सुखाविषयीचं चिंतन. संगीत, खाणं, केपरच्या कळ्या, आणि दुर्मीळ वस्तू मुबलक वस्तूंपेक्षा जास्त सुख देतात का हा प्रश्न. त्या प्राचीन लेखकाचं मत असं की तसं लगेच मानायचं कारण नाही.

---

कोकणकडा

जबरदस्त. बुकमार्क केलाय. सासऱ्याच्या घरातलं ग्रंथालय जावयाच्या बातमीत, हे बाकी आपल्याकडच्यासारखंच.

---

शंकेखोर

लेख आवडला, पण मूळ शंकेला तुम्ही हात लावून सोडून दिलंत. मी परवा एका चॅटबॉटला एका अभंगाची पहिली ओळ देऊन पुढचा मागितला. त्याने चालीवर अचूक बसणारा अभंग रचून दिला, शेवटी 'तुका म्हणे' घालून आणि वर गाथेतला क्रमांकही. गाथा उघडली तर तिथे भलतंच. असल्या यंत्राला कोळशाचा गोळा दिला तर तो फिलोडेमस काय, हवं तर रोमन पंचांगही काढून देईल. ग्रीक येणाऱ्याला हवं तेच दिसलं नाही कशावरून?

---

सुरंगी

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे, आणि स्पर्धा ठेवणाऱ्यांनाही हीच धास्ती होती.

चॅटबॉट भाषा शिकलेला असतो. पुढचा शब्द कुठला शोभेल हे त्याला माहीत असतं, म्हणून तो शोभणारा अभंग रचतो. शाई शोधणाऱ्या प्रारूपाला ग्रीक येत नाही. ग्रीक सोडाच, अक्षर म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नाही. त्याच्यासमोर पदराचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा चौकोन येतो, जाडीसकट. एक अक्षर त्याहून कितीतरी मोठं. प्रश्न एकच: इथे शाई आहे की नाही? उत्तर एक ठिपका. मग पुढचा चौकोन. असे लाखो ठिपके शेजारी शेजारी मांडले की माणसाला अक्षर दिसतं. चौकोनाएवढंच बघणाऱ्याला 'इथे ओमेगा हवा होता' असं वाटायची सोयच ठेवलेली नाही.

शिकवणीचा बराच भाग कुठून आला तेही सांगते. पूर्वी पिआज्जोछाप उद्योगात सुटून आलेले तुकडे आहेत. त्यांचे इन्फ्रारेड फोटो काढले की शाई लख्ख दिसते. हे तंत्र १९९९ पासून नेपल्सच्या तुकड्यांवर वापरलं गेलंय. त्याच तुकड्यांचा सीटी स्कॅन काढायचा आणि फोटोवर बसवायचा. फोटोत शाई आहे तिथे स्कॅनमध्ये काय दिसतं, हे यंत्राला दाखवायचं. म्हणजे उत्तरपत्रिका खरी होती.

त्यावर आणखी पडताळे. विजेत्यांनी तीन वेगवेगळ्या रचनांची प्रारूपं चालवली आणि तिन्हींत तीच अक्षरं उमटली. स्पर्धेतल्या इतर गटांच्या प्रतिमाही त्याच स्तंभांवर जुळल्या. वाचन पपायरस-तज्ज्ञांनी केलं, ज्यांचा प्रारूप बनवण्याशी संबंध नव्हता.

एक जागा मात्र कच्ची आहे, ती लपवत नाही. फॅरिटरने केल्या तशा फेऱ्यांमध्ये 'पटलेलं' कोण ठरवतं? माणूस. त्याने अक्षराच्या मोहाने एखादी रेघ शाई म्हणून गिरवली तर पुढच्या फेरीत यंत्र तो मोह शिकणार. म्हणून एकाच गटाच्या निकालावर विसंबायचं नाही, आणि म्हणून कच्चे स्कॅन खुले असणं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला पटत नसेल तर तुम्हीही चालवून बघू शकता.

आणि सगळ्यात रटाळ, सगळ्यात मोठं काम वेगळंच होतं. चेपलेले पदर स्कॅनमध्ये एकामागोमाग एक आडव्या कापांत शोधून, कुठला पदर कुठे जातो ते ठरवत सपाट करायचे. यासाठी पगारी माणसं महिनोन्‌महिने पडद्यावर रेघा ओढत बसली होती. बातमीत ती येत नाहीत.

---

पाठभेद

सुरंगीताई, तुमच्या 'लपवत नाही' यावरून लिहावंसं वाटलं. पपायरसवाल्यांची एक शिस्त आहे. अक्षर अस्पष्ट असेल तर त्याच्याखाली टिंब. पार गेलेलं अक्षर संपादकाने भरलं असेल तर चौकोनी कंसात. १९३१ मध्ये लायडनला ठरलेले हे संकेत आहेत. वाचणाऱ्याला पानावरच कळतं की इथे डोळा संपला आणि डोकं सुरू झालं.

आपल्या पुण्यातही हे झालंय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला हाती घेतली आणि १९६६ ला पुरी केली. एकूण १२५९ हस्तलिखितं पडताळली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेली पद्धत अशी की जिथे पाठ पूर्ण खात्रीचा नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. खाली तळटीपांत सगळे पाठभेद. आदिपर्व उघडलंत की पानोपानी ती रेघ दिसते. एवढा अधिकारी माणूस आणि तो पानावर सांगतोय की इथे माझी खात्री नाही.

मला एआयवाल्यांकडून तेवढंच हवंय. वाचा हवं तेवढं, पण नागमोडी रेघ द्या.

अवांतर: जुने लेखनिक पोथीच्या शेवटी लिहीत, 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया'. जसं दिसलं तसं उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. सुरंगीताईंचं ठिपके काढणारं यंत्र हा श्लोक म्हणायला पात्र आहे. शंकेखोरांचा अभंगवाला नाही.

---

कोकणकडा

पाठभेद काका +१. त्या रेघेकडे बघून आम्ही छपाईतला दोष समजायचो.

पण मग दगडावरचे लेख पुरे करणारं गुगलचं एक यंत्र आहे ना, इथाका की काय? ते तर सरळ सरळ गाळलेल्या जागा भरतं. ते कुठल्या खात्यात?

---

सुरंगी

अगदी उलट खात्यात. इथाका डीपमाइंडचं, २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. ते प्रतिमा बघतच नाही. ग्रीक शिलालेखांच्या हजारो छापील संहितांवर शिकलंय. लेखातला तुटका मजकूर द्यायचा, ते गेलेल्या अक्षरांचे पर्याय सुचवतं, शिवाय लेख कुठल्या प्रांतातला आणि साधारण कुठल्या काळातला तेही. म्हणजे शंकेखोरांच्या अभंगवाल्याचा शिकलेला भाऊ.

तरी मी त्याला मोडीत काढणार नाही, आणि त्याचं कारण त्यांनी केलेली मोजणी. गेलेला मजकूर भरताना इतिहासतज्ज्ञ एकटे २५ टक्के बरोबर आले. इथाका एकटं ६२ टक्के. तज्ज्ञांच्या हातात इथाका दिलं तर ७२ टक्के. शेवटचा आकडा मोठा का, तर यंत्र एकच उत्तर न देता संभाव्यतेसकट पर्यायांची यादी देतं आणि तज्ज्ञ त्यातलं अशक्य ते उडवतो. पाठभेद काका, ही यादी म्हणजे तुमची रेघच, फक्त आकड्यांत.

कालनिर्णयाचं उदाहरणही मजेशीर आहे. अथेन्सच्या काही ठरावांचा काळ अक्षरवळणावरून इ.स.पू. ४४६ च्या आधीचा धरत, पुढे पुष्कळांनी तो वीसेक वर्षांनी अलीकडे ओढला. इथाकाचा सरासरी अंदाज इ.स.पू. ४२१, म्हणजे नव्या मताच्या बाजूने.

---

शंकेखोर

७२ टक्के म्हणजे २८ टक्के चूक. शिलालेखाला चालेल. माझ्या सातबाऱ्याला नाही चालणार.

---

बोरू

शंकेखोर साहेब सातबाऱ्यावर आलेच आहेत तर मी बोलतो. मी मोडी वाचतो. हौस म्हणून शिकलो, आता लोक घरचे कागद घेऊन येतात. वतनाचे, वाटणीचे, खरेदीखतांचे.

आमची अडचण हर्क्युलेनियमसारखी नाही, हे आधी स्पष्ट व्हावं. आमचे कागद बहुतेक उघडता येतात, शाई डोळ्यांना दिसते. कसर लागलेली, पाण्याने फुगलेले, कडा गेलेल्या, हे आहेच. पण पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद पुण्याला रुमालांत बांधून आहेत ते जळाले म्हणून अडलेले नाहीत, वाचणारे नाहीत म्हणून अडलेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातले निवडक ४५ खंडांत काढले ते १९३० ते ३४ मध्ये. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडीचे गठ्ठे आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली, ती सगळ्यांनी पाहिली.

तेव्हा यंत्राची गरज आम्हाला आहे. २०२५ मध्ये आयआयटी रूरकीच्या एका गटाने दोन हजारांवर मोडी पानं देवनागरी लिप्यंतरासह एकत्र केली, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन, आणि त्यावर पानाच्या फोटोवरून थेट देवनागरी देणारं प्रारूप बसवलं. मला आनंदच झाला. तरी सांगतो, ते काम सुरंगीताईंच्या दोन खात्यांच्या मधोमध बसतं आणि म्हणून जास्त जपून वापरायला हवं.

मोडी कशी लिहितात बघा. आधी ओळभर आडवी रेघ मारून ठेवायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं खाली लटकवत जायचं. शब्दांत जागा सोडत नाहीत. वेलांटी आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हे वाचणारा अर्थावरून ठरवतो. मीही तेच करतो. म्हणजे भाषा कळल्याशिवाय मोडी वाचता येत नाही, आणि यंत्राला भाषा शिकवली की त्याला शोभणारं लिहायची खोड लागते.

ती खोड कुठे दगा देईल? 'राजश्री', 'साष्टांग नमस्कार विनंती', 'उपरी विशेष' हे मायने ते डोळे झाकून बरोबर देईल. नेमकं ते कुणालाच नको असतं. आपल्याला हवं असतं गाव, नाव, आकडा. 'मौजे' नंतरचं आडवाटेचं गाव यंत्राने कधी पाहिलेलं नसतं, मग जवळचं ओळखीचं गाव तिथे येऊन बसण्याची भीती. सन घ्या. शुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहितात: 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ११७३, आपला इ.स. १७७२-७३. त्यातल्या सबैनच्या जागी तिसैन वाचलं की वीस वर्षं इकडची तिकडे. वाक्य मात्र गुळगुळीत, कुणाला संशय यायचा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शब्दावर बोट ठेवलं की मूळ कागदाचा तेवढा तुकडा शेजारी दिसावा, आणि नाव, गाव, सन, रक्कम यांच्याखाली कायम काकांची नागमोडी रेघ, यंत्राची खात्री कितीही असो. एवढं दिलं तर मी स्वतः दिवसाला आज वाचतो त्याच्या कितीतरी पट कागद नजरेखालून घालीन.

---

कोकणकडा

थोडक्यात एआयने 'ध'चा 'मा' करू नये :)

---

बोरू

वाटच बघत होतो हे कोण लिहितंय याची. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, तो इतिहास. अक्षर बदलल्याची गोष्ट दंतकथा म्हणून धरा. आनंदीबाईंच्या वाट्याला ती पुराव्यापेक्षा फार जास्त आली आहे.

---

हिराकस

रसायनवाला आहे, उशिरा आलो. बोरूंनी 'आमचे कागद उघडता येतात' म्हटलं ते दफ्तरापुरतं खरं. पण पाण्यात भिजून पानांची वीट झालेल्या पोथ्या असतातच, जिथे सोडवायला गेलं की शाई समोरच्या पानाला चिकटून येते. तिथे न उघडता स्कॅन करण्याचा विचार केला तर काय होईल, हे मी डोक्यात मांडून पाहिलं.

आपली नेहमीची शाई काजळ आणि डिंकाची. म्हणजे हर्क्युलेनियमचीच अडचण, फक्त कागदाचा कोळसा झालेला नाही एवढा दिलासा. हिरडा आणि हिराकस घालून केलेली शाई असेल तर त्यात लोह आहे, ती क्ष-किरणांना दिसायची शक्यता बरीच जास्त, एन-गेदीसारखी. काही ठिकाणी दंड आणि 'उवाच' वगैरे हिंगुळाच्या लाल शाईत असतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, तो तर झगझगेल. आणि चुकलेलं अक्षर झाकायला लेखनिक हरताळ फासत. तो आर्सेनिकचा.

म्हणजे एखादी बंद पोथी स्कॅन केली तर मूळ मजकूर गायब, श्लोक कुठे संपले ते ठळक, आणि लेखनिक कुठे कुठे चुकला त्याची संपूर्ण यादी सर्वात आधी हजर. बिचारा.

दक्षिणेतली कोरलेली ताडपत्रं यात उलट सोपी असावीत. तिथे अक्षर म्हणजे प्रत्यक्ष खाच आहे, काजळी नंतर चोळलेली. खाचेला आकार असतो, तो स्कॅनमध्ये सापडायला हवा. सिंक्रोट्रॉन आपल्याकडेही आहे, इंदूरला इंडस-२. कुणी तिथे पोथी नेण्याचं मनावर घेतलं तर मी चहा पाजायला तयार आहे.

---

पाठभेद

हिराकसराव, लेखनिकाच्या चुकांची यादी म्हणजे पाठचिकित्सकाला मेजवानी. मजकूर नाही दिसला तरी चालेल, आधी ती यादी द्या.

---

शंकेखोर

मान्य करतो, ठिपकेवाल्या यंत्रावरचा माझा आक्षेप मागे. अभंगवाल्यावरचा कायम. पण २०२४ नंतर काय? सात लाख डॉलर वाटले, फोटो काढले आणि घरी गेले का?

---

सुरंगी

नाही. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातली एक गुंडाळी डायमंडला स्कॅन झाली. तिच्यात शाई इतरांपेक्षा बरीच ठळक दिसली, कदाचित शाईत शिशासारखं काही जड मिसळलं असावं. मे २०२५ मध्ये तिचं शीर्षक वाचलं गेलं, न उघडलेल्या गुंडाळीचं शीर्षक मिळण्याची ही पहिलीच वेळ. वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाचे मार्सेल रोट आणि मिखा नोवाक यांना त्याचं ६० हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. ग्रंथ फिलोडेमसचाच, 'दुर्गुणांविषयी'. याच मालिकेतले घरच्या कारभारावरचे आणि गर्वावरचे भाग पूर्वी उलगडलेल्या गुंडाळ्यांतून माहीत होते.

शीर्षक सापडलं कुठे, तर अगदी आतल्या गाभ्यात. या ग्रंथांचं नाव मजकुराच्या शेवटी लिहीत, आणि शेवट गुंडाळीच्या पोटात. बाहेरचे पदर सगळ्यात आधी झिजतात, आतला टिकतो.

---

पाठभेद

आपली पुष्पिका! 'इति श्री...' हीदेखील शेवटच्याच पानावर. आपल्याकडे मात्र शेवटचं पान बाहेरच्या बाजूला असतं, म्हणून नेमकं तेच आधी हरवतं आणि ग्रंथकर्ता कोण यावर पुढे शंभर वर्षं वाद.

---

कोकणकडा

एक बाळबोध प्रश्न. त्या वाड्याचा बराच भाग अजून खणलेला नाही असं वाचलं. मग खणत का नाहीत? खाली अजून पुस्तकं असतील की.

---

सुरंगी

असतीलही. १९९० च्या दशकातल्या खोदकामात खालचे मजले असल्याचं दिसलंय, आणि सापडलेली पुस्तकं बहुतांश ग्रीक असल्याने लॅटिन ग्रंथांचं दालन वेगळं असेल अशी पुष्कळांना आशा आहे. पण वर आजचं एर्कोलानो गाव आहे, लोक राहतात. शिवाय खणून उघडं पाडलेलं जपायला सतत पैसा आणि माणसं लागतात. तज्ज्ञांतही दोन मतं आहेत. काही म्हणतात पुढच्या उद्रेकाच्या आत काढा, काही म्हणतात वर काढलंय ते आधी धड सांभाळा. मी दुसऱ्या मताची. नेपल्सच्या कपाटात न उघडलेल्या काही शे गुंडाळ्या आजही आहेत आणि त्यातल्या मोजक्याच स्कॅन झाल्यात. सिंक्रोट्रॉनवर वेळ मिळायला रांग असते, आणि एवढी ठिसूळ वस्तू तिथवर न्यायची तर प्रत्येकीच्या मापाचा खास डबा बनवावा लागतो.